आळशी कुत्रे नावाची जात नाही

फराळाचे ताट पुढे असताना कडू बोलू नये, एवढी रीत मला कळते. पण जी गोष्ट मला सांगायची आहे ती घडली ऐन दिवाळीत, आणि तिचा बोभाटाही दिवाळीतच व्हायला हवा. तेव्हा वाचकांनी चकलीच्या जोडीला हा कारल्याचा तुकडाही गोड मानून घ्यावा.

आमच्याकडे, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात, दारात कारवानी कुत्रा असणे ही प्रतिष्ठेची बाब समजतात. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, आणि पाय असे की उभा असला तरी धावतो आहे असे वाटावे. हा नाकाने माग काढणारा कुत्रा नव्हे. हा डोळ्याने हेरून सुटणारा. मुधोळची कुत्री याच गोत्यातली. त्यांचे चित्र २००५ साली टपालाच्या तिकिटावर झळकले, आणि २०१६ साली तिकडची पिल्ले लष्कराने मेरठच्या केंद्रात शिकवायला घेतली, तेव्हा आमच्या पारावर पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. अभिमान आम्हांला उदंड! पण ज्या जातीचा अभिमान, तिच्यातल्या दहा महिन्यांच्या एका पोराला आम्ही कसे वागवले ते ऐका.

वाऱ्या माझा कुत्रा. शिकारीसाठी मी तो पाळला नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज ससा मारणे हा गुन्हा आहे, आणि तो असावाच. पण धावणे हा या कुत्र्याचा धर्म आहे. त्यावाचून त्याला चैन पडत नाही. म्हणून लांब दोरीला चिंधी बांधायची, उलट्या ठेवलेल्या सायकलच्या चाकावर ती दोरी भराभर गुंडाळायची, आणि पडीक रानातून पळणाऱ्या त्या चिंधीमागे वाऱ्याने सुटायचे, असा आमचा पहाटेचा कार्यक्रम असे. चिंधी नुसती हलली तरी त्याच्या अंगावरून शिरशिरी जाई.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, साखळीला बांधलेल्या वाऱ्याच्या पायांशी गल्लीतल्या कुणा पोराने सुतळी बाँब फोडला. पोरे हसली. मोठी माणसेही हसली. मीही हसलो असेन. मला आठवत नाही, आणि न आठवणेच सोयीचे आहे.

पाडव्याच्या पहाटे चिंधी हलली आणि वाऱ्या मटकन खाली बसला. दुसऱ्या दिवशी तेच. मग सल्लागार जमले. एक म्हणाला, दोन दिवस उपाशी ठेवा. दुसरा म्हणाला, गुपचूप एक ससा मारा आणि रक्त चाटवा. तिसरा म्हणाला, “मास्तर, काठी!” मी पडलो शाळामास्तर, मी तिसऱ्याचे ऐकले. आठ दिवसांत स्थिती अशी झाली, की काठी दिसताच वाऱ्या उताणा पडून मुते. आणि मी कथाकादंबऱ्यांतून माणसांची मने उलगडणारा लेखक, सर्वांना सांगत सुटलो, की कुत्रा आळशी निघाला.

आळशी! हा शब्द आपण किती स्वस्त केला आहे! माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण वाचायला कुणी मनाई केलेली नाही. १९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग निर्दय होता, हे आधीच सांगतो. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या काहींना तितकेच झटके मिळाले, पण त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. पुढे या सर्वांना एका पेटीत ठेवले. तिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिली कुत्री टुणकन उडी मारून मोकळी झाली. दुसऱ्यांतली बहुतेक जागच्या जागी पडून राहिली, कण्हत, झटके सोशीत. त्यांना काय आळशी म्हणायचे?

आणि ती पुन्हा उठली कशाने? मारून नव्हे, उपाशी ठेवून नव्हे. १९६८ साली त्याच संशोधकांनी अशा कुत्र्यांना दोरीने ओढून अडसराच्या पलीकडे नेले. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. हळूहळू ती आपण होऊन उडी मारू लागली. पुढे २०१६ साली त्या दोघांनी आपलेच जुने मत दुरुस्त केले. ते म्हणाले, दीर्घ त्रासात हातपाय गाळून बसणे ही जिवाची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते हे, की माझ्या करण्याने काही बदलते. माझ्या काठीने वाऱ्याला याच्या नेमके उलट शिकवले होते: तू पळ अथवा बस, मार ठरलेलाच!

हे सारे वाचण्याआधी मला शहाणे केले ते आमच्याकडे मेंढरे घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराने. वाऱ्याकडे पाहून तो म्हणाला, “मास्तर, कुत्र्याला काम सांगू नगा. त्याला काम मागू द्या.”

त्याच्या सांगण्याप्रमाणे आधी शरीर तपासले. जनावरांच्या डॉक्टरांनी गोचीड काढले, रक्त पाहिले, पंजांतले काटे शोधले. गोचिडांमुळे येणाऱ्या तापाने धडधाकट कुत्राही मलूल पडतो, आणि आपण त्याला कामचुकार ठरवून मोकळे होतो. मग तीन आठवडे एकही हुकूम नाही. भाकरी माझ्या हातून, आणि संध्याकाळी त्या धनगराच्या शांत, वयस्क कुत्रीबरोबर मोकळे फिरणे. त्यानंतर चिंधी पुन्हा बाहेर काढली. पण काठीची त्याला धास्ती, म्हणून कडब्याच्या ताटाला बांधली. ती त्याच्यासमोर दोन हात हलवायची, आणि त्याने तोंड घातले की पकडू द्यायची. दिवसाला तीन वेळा, बस्स! त्याला आणखी हवी असतानाच खेळ संपवायचा. आवाजाचे भयही तसेच काढले: तो जेवत असताना लांब कुठेतरी पत्र्याचे झाकण हळूच वाजवायचे, तो बिचकला तर आणखी लांब जायचे, आणि रोज एखादे पाऊलच जवळ यायचे.

दहाव्या दिवशी मला हाव सुटली. तो रंगात आलेला पाहून मी त्याला बारा वेळा पळवले. अकराव्या दिवशी स्वारी पुन्हा खाली बसली. चार दिवस सारे थांबवून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शिमग्याच्या सुमारास एका पहाटे मी नुसती सायकल उलटी केली, तोच वाऱ्या दावणीशी उभा राहून थरथरू लागला. मी दोरी सोडली. तो सुटला तेव्हा मला नीट दिसले नाही, धुळीमुळे नव्हे.

आता कुणी म्हणेल, जुनी माणसे मारूनच शिकवीत, आणि त्यांची कुत्री कशी काम करीत! करीत ना. पण जी करीनाशी झाली, ती गेली कुठे? कुणाला बाजारच्या गावी सोडून दिले, कुणाला विहिरीत लोटले. त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. उरलेल्यांवरून काठीची थोरवी गायली गेली. शाळेतही हेच चालत आले आहे. छड्या खाऊन हुशार झालेले पुरुष भाषणे करतात. छड्या खाऊन शाळा सोडलेल्यांना भाषणाला कुणी बोलावीत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारणे बंद केले, जनावरांशी क्रूरतेला बंदी करणारा कायदा तर १९६० चा आहे. कायदा दप्तरात राहतो आणि काठी कोपऱ्यात, हाताशी.

वाऱ्या आज चार वर्षांचा आहे. तो धावतो, पण पुरता बरा झालेला नाही. दिवाळीचा पहिला फटाका वाजला की कणगीमागे शिरतो आणि दोन दिवस पाण्यालाही बाहेर येत नाही. तेवढे माझ्या नावावर मांडलेले राहील.

म्हणून घरोघरच्या मंडळींना माझी विनंती आहे. ज्यांच्या दारात साखळी आहे त्यांनी लक्ष्मीपूजनाला दिवे लागण्याआधीच कुत्रे माजघरात घ्यावे. पोरांच्या हातात उदबत्ती देण्याआधी, जवळपास कोण बांधलेले आहे ते पाहून यावे. आणि इतके करूनही पाडव्याला तुमचे कुत्रे खाली बसलेच, तर काठी माळ्यावर टाका आणि मला बोलवा. मी कडब्याचे ताट घेऊन येईन.