तांब्याचा कोपेक आणि चिंचेचा कोळ

बदलीच्या गावी जुन्या नाण्यांची हौस असलेले आमचे एक स्नेही आहेत. परवा त्यांनी रशियाच्या झार अलेक्सेई मिखाइलोविच ह्याच्या अमदानीतील तांब्याचे काही कोपेक मोठ्या कौतुकाने दाखविले. चिंच-मीठ लावून ती नाणी पळीपंचपात्रासारखी लखलखीत केलेली होती! ‘नाहीतरी कवडीमोलाचीच, निदान दिसावीत तरी बरी,’ हे त्यांचे समर्थन. आमचा आक्षेप ह्या समर्थनालाच आहे.

ही नाणी कवडीमोल ठरली, ह्यातच त्यांचे खरे मोल आहे. १६५४ साली पोलंडशी सुरू झालेल्या युद्धाने झारचा खजिना रिता केला, आणि १६५५ पासून तांब्याचे कोपेक पाडण्यात येऊ लागले. आमच्या शिवराईप्रमाणे हीही नाणी हातानेच पाडलेली. चपटविलेल्या तारेच्या तुकड्यावर ठसा ठोकावयाचा, की माशाच्या खवल्याएवढे नाणे तयार! चांदीच्या कोपेकवरचा भालाधारी स्वारच तांब्यावर उमटविला आणि दोहोंचे मोल एकच, असे फर्मान सुटले. मात्र सरकार पगार देई तांब्यात आणि कर घेई चांदीत! शेतकरी शहरात धान्य आणीनासे झाले. पुढेपुढे चांदीच्या एका कोपेकला तांब्याचे बारा-पंधरा मोजावे लागत. १६६२ च्या जुलैत मॉस्कोचे लोक कोलोमेन्स्कोये येथे झारकडे दाद मागावयास गेले. त्यांच्या पदरी तलवार आणि फास पडला. १६६३ मध्ये हे चलन रद्द झाले.

ह्या साऱ्या व्यवहाराचा साक्षीदार म्हणजे हे खवल्याएवढे तांबे. मॉस्को, नोव्हगोरोद, प्स्कोव्ह ह्यांपैकी कोणत्या टाकसाळीतले ते, हे त्यावरील बारीक अक्षरांवरून आणि ठशांच्या साम्यावरून ठरते. जुन्या तांब्यावर ही अक्षरे पुष्कळदा वरच्या काळपट-हिरवट थरातच टिकून राहिलेली असतात. चिंचेचा कोळ तो थर खातो, आणि थराबरोबर साक्षही जाते.

‘मग नाणी मळकीच ठेवावयाची काय?’ असा प्रश्न येईल. माती शुद्ध पाण्याने व मऊ कुंचल्याने खुशाल काढावी. परंतु तेथेच थांबावे. पहिल्या तारखेच्या पगारावर महिना काढणाऱ्या आम्हां कारकुनांना तरी मॉस्कोच्या त्या पगारदाराचे दुःख कळावयास हवे. त्याची एकुलती एक साक्ष चकाकीपायी पुसण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्यांना चकाकीच हवी, त्यांनी पळीपंचपात्रे जमवावीत.