स्विचबोर्डाभोवतीचा नाच

मुलांनो, गेल्या जानेवारीत आमच्या शाळेची सहल गेली होती. सकाळी सिंदखेडराजा आणि दुपारी लोणार. आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, बुलडाणा जिल्ह्यात घाटावरच्या एका गावात आहे. (घाटाखालच्या मुलांनी रागावू नये, शेगावची सहल पुढच्या वर्षी ठरली आहे.) सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा वाडा बघितला, जिथे जिजाऊंचा जन्म झाला. मोती तलावाच्या काठी बसून निम्मे डबे संपवले आणि एसटी लोणारच्या रस्त्याला लागली. मध्ये एका हॉटेलापाशी चहाला थांबलो.

आता आपल्याकडे चहा-भज्यांच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात. पण हे जरा मोठं होतं. खाली जेवणाची सोय आणि वर मुक्कामाच्या सहा खोल्या. सरोवर बघायला लांबलांबून माणसं येतात, त्यांच्यासाठी. नवीन रंग दिलेला होता, त्याचा वासही अजून गेला नव्हता. समोरची अख्खी भिंत गेरूच्या रंगाची आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नाचणारी माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेलं अंग, वर गोल डोकं, काडीसारखे हातपाय. हातात हात घालून सगळी गोल फिरताहेत. तुम्ही बघितलीच असतील. कुर्त्यांवर, कपांवर, लग्नाच्या पत्रिकांवर, सगळीकडे असतात ती.

आमच्या सहावीतली एक मुलगी भजं हातात धरून बराच वेळ तिकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, हे लोकं स्विचबोर्डाभोवती काहून नाचून राह्यले?"

मी बघितलं, तर खरंच! गोलाच्या बरोबर मधोमध स्विचबोर्ड होता. तीन बटणं आणि मोबाइल चार्ज करायची एक जागा. सगळी मुलं खो खो हसली. मीही हसलो. पण गाडीत बसल्यावर हसू ओसरलं, आणि त्या जागी खरं तर कोण असायला हवं होतं ते मुलांना सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

ही चित्रं वारली लोकांची. वारली ही आदिवासी जमात मुख्यतः पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागात राहते. २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. आमच्या गावापासून चारशेहून जास्त किलोमीटर लांब. त्यांच्या घराच्या भिंती कुडाच्या असतात, शेणामातीनं लिंपलेल्या. त्यावर गेरू लावायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि चित्र काढायचं. रोज नाही हं! मुख्यतः लग्नात. लग्नघरी सवाष्णी भिंतीवर चौक काढतात, चौकात पालघट देवी असते, आणि तो चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे आपण जे कपावर छापून चहा पितो, ते मुळात बायकांनी लग्नासाठी काढलेलं देवाचं काम आहे.

आणि तो गोल नाच? तो तारपा नाच. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, असं ते बनतं. ते वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्या सुरावर त्याच्याभोवती फिरतात. तो वळेल तसे वळतात. तारप्याकडे कुणी पाठ करत नाही.

"म्हणजे वाजवणाराच गायब!" एक मुलगा मागच्या सीटवरून ओरडला.

तारपेवाला गायब झाला आणि त्याच्या जागी स्विचबोर्ड आला.

आता माझी गोष्ट सांगतो. लपवून काय उपयोग? आमच्या शाळेत 'बोलक्या भिंती' आहेत. तुमच्याही शाळेत असतील. पाढे, नकाशा, स्वच्छतेचे नियम. व्हरांड्यातली एक भिंत उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्वतः रंगवली. डी.एड.ला असताना शैक्षणिक साहित्य बनवण्यात माझा हात बरा होता, त्याचा थोडा गर्वही होता. एक कॅलेंडर समोर धरलं आणि जसंच्या तसं वारली चित्र उतरवलं. माणसं, झोपडी, ताडाची उंच झाडं. आमच्या गावात ताड औषधालाही सापडायचा नाही! आहेत ती कडुलिंबाची, बाभळीची, पळसाची झाडं. चार वर्षं मुलं त्या भिंतीखाली बसून खिचडी खात होती आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं की हे कुणाचं चित्र आहे. सहलीहून आल्यावर त्या मुलीनं पहिलं काम काय केलं असेल? व्हरांड्यात जाऊन माझा तारपेवाला शोधला. नव्हता. कॅलेंडरात तो तारखांच्या चौकोनाखाली झाकला गेला होता, म्हणून मी काढलाच नव्हता.

मग मी वर्गात जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दल सांगितलं. डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर ते राहायचे. जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि ते बोलेनासे झाले असं सांगतात. जे सांगायचं ते मातीत बोटानं काढून दाखवायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात गेले, त्यांनी लोकांना कागद आणि रंग दिले. भिंत सोडून चित्र पहिल्यांदा कागदावर आलं. तोवर हे बायकांचं आणि फक्त सणा-लग्नाचं काम होतं. जिव्या म्हसे मात्र रोज काढू लागले. नुसता देवीचा चौक नाही, तर शेत, मुंग्या, जाळं टाकणारे कोळी, जे रोज दिसायचं ते सगळं. त्यांची चित्रं परदेशात गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नागपूरच्या संत्र्याला असतं तसंच. म्हणजे ही वस्तू या भागाची, असा सरकारी शिक्का.

सातवीतल्या एकानं विचारलं, "सर, मग त्या हॉटेलवाल्यानं आपलं काहून नाही काढलं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी मोटरसायकल काढली आणि हॉटेलवाल्या दादांनाच विचारायला गेलो.

दादा चांगले माणूस. चहा पाजला. म्हणाले, "सर, गिऱ्हाइकाला ओळखीचं चित्र बरं वाटतं. पोरंपोरी तिथं उभं राहून फोटो काढतात." त्यांचंही खोटं नव्हतं. चित्र कुणी काढलं? तालुक्याच्या एका पेंटरनं, मोबाइलवर बघून, चौरस फुटाच्या भावानं. पेंटरचं नाव? दादांना फक्त आडनाव आठवत होतं.

मी म्हणालो, "पण दादा, पुण्या-मुंबईचा माणूस आठ-दहा तास गाडी चालवून लोणारला येतो, तो डहाणू बघायला येतो का?"

इथे पालकांसाठी एक गोष्ट सांगून घेतो. हॉटेलच्या भिंतीवरची चित्रं म्हणजे नुसती शोभा असं आपल्याला वाटतं. पण मुंबईचं ताजमहाल हॉटेल घ्या. १९०३ साली सुरू झालेलं, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया बांधण्याच्याही आधीचं. त्या हॉटेलानं आपल्या देशातल्या चित्रकारांची चित्रं जमवली. त्यात एम. एफ. हुसेन आहेत, वासुदेव गायतोंडे आहेत. हुसेन यांचा जन्म आपल्या पंढरपूरचा, आणि उमेदीच्या दिवसांत ते मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरायचे. गायतोंडे तर आपल्या विदर्भात, नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले. आज ही नावं केवढी मोठी आहेत! पण चित्र विकत घेऊन, त्यावरची सही दिसेल असं भिंतीवर लावणारं कुणीतरी लागतं. ताजइतके पैसे लोणारच्या रस्त्यावरच्या हॉटेलात कुठून येणार, हे मलाही कळतं. पण नाव लिहायला पैसे लागत नाहीत.

दादांनी डोकं खाजवलं. मागच्या बाजूला, हात धुवायच्या नळांपाशी, एक भिंत अजून पांढरीच होती. म्हणाले, "पोरांना काढू द्या आपल्या इकडचं काहीतरी कागदावर. आवडलं तर बघू."

मग काय विचारता! वर्गात आठवडाभर गोंधळ. एकानं पोळ्याचे बैल काढले, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल. एकानं वाघ काढला. मी म्हटलं, वाघ कुठला आपल्याकडे? तर तो माझ्याहून हुशार निघाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये तेलंगणातून फिरत, तेराशेच्या वर किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून हे कळलं. पोरानं वाघ लहान काढला होता आणि त्याच्या पावलांची ओळ मात्र कागदाच्या चारही कडांनी फिरवून आणली होती. मी गप्प बसलो.

तांड्यावरून येणारा एक मुलगा काहीच काढेना. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवीतून त्याच्या याडीची, म्हणजे आईची, जुनी कांचळी आणली. बंजारा बायका नेसतात ती, आरसे आणि कवड्या लावून भरलेली. म्हणाला, "सर, हे चित्रच आहे की." कागदावर त्यानं नुसते चौकोन आणि आरशांचे गोल काढले. मला विचाराल तर सगळ्यांत चांगलं तेच होतं.

आणि ती स्विचबोर्डवाली मुलगी. तिनं लोणारचं सरोवर काढलं, पण गुलाबी! मी सवयीनं म्हणालो, "अगं, पाणी हिरवं असतं तिथलं, आपण बघून आलो ना?" ती म्हणाली, "माझ्या आबांनी गुलाबी पाहेलं आहे." आबांचं खरं होतं. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी खरोखर गुलाबी झालं होतं. उन्हाळ्यात पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. एवढं सगळं वर्गात शिकवणारा मीच, आणि मुलीला म्हणालो हिरवं काढ! तिची माफी मागितली. वर्गासमोर.

दादांना चित्रं आवडली. म्हणाले, "पोरांचीच आहेत, म्हणजे फुकटच ना सर?" मी काही बोलायच्या आत मुलांनीच ठरवून टाकलं होतं. भिंत रंगवणार तेच पेंटरकाका, त्यांना नेहमीच्या भावाहून जास्त द्यायचं, कारण ही मोबाइलवरची नक्कल नाही. मुलांना प्रत्येकी एक प्लेट भजी. आणि सगळ्यांची नावं भिंतीवर. दादा भज्यांवर लगेच कबूल झाले. पेंटरच्या पैशांवर दोन दिवस घासाघीस झाली, पण झालं.

पेंटरकाका शाळेत आले. वय पन्नाशीच्या पुढचं. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं घालायचे. फ्लेक्स आले आणि काम गेलं. जन्म लोणारच्या जवळचा, पण एवढ्या वर्षांत सरोवर काढून द्या असं कुणी म्हटलंच नव्हतं म्हणे. मुलांचे कागद त्यांनी हातात धरून बघितले आणि गुलाबी रंग बाजारात तयार मिळेना तेव्हा पांढऱ्यात थोडा तांबडा, किंचित पिवळा असा स्वतः मिसळून केला. त्या मुलीला विचारून विचारून.

भिंत आठ दिवसांत झाली. वाघाची पावलं तिन्ही नळांच्या वरून जातात आणि कांचळीचे आरसे म्हणून काकांनी खरे बारके आरसे चिकटवले आहेत. हात धुताना लोक त्यात तोंड बघतात.

राहिला स्विचबोर्ड. मुलांचं म्हणणं होतं की तारपेवाला आता तरी काढा. "पण काका वारली थोडेच आहेत?" असंही एक जण म्हणाला. त्यावर खूप वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. शेवटी दादांनी वायरमन बोलावून स्विचबोर्ड दाराजवळ हलवला. काकांनी मोकळ्या जागी तारपेवाला काढला आणि भिंतीच्या खाली, मुलांनी लिहून दिलं तसं, लिहिलं: 'हे चित्र पालघर जिल्ह्यातल्या वारली लोकांच्या पद्धतीचं आहे. त्यांच्याकडून शिकून काढलं.' पहिलं वाक्य खरं. दुसऱ्याबद्दल मला शंका आहे, कारण आम्ही काही डहाणूला गेलो नाही, कॅलेंडर आणि मोबाइलच बघितला. तसं मी मुलांना बोललो. आता पुढची सहल शेगावला न्यायची की डहाणूला, यावर शाळेत दोन तट पडले आहेत.

व्हरांड्यातली माझी भिंतही सुट्टीत पुसायची आहे. ताड जाणार, पळस येणार. यंदा कुंचला मुलांच्या हातात असेल, मी फक्त शिडी धरायची असं ठरलं आहे.

नळांजवळच्या भिंतीवर मुलांची नावं आधी लिहून झाली, अकरा. मग मी काकांना म्हटलं, आता तुमचं. ते नको नको म्हणत होते. दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव असतं, पेंटरचं कशाला, म्हणे. मुलं हटून बसली. शेवटी एकदम कोपऱ्यात, नळाच्या पाइपाला लागून, त्यांनी बोटभर अक्षरात नाव घातलं आणि त्याखाली फोन नंबर. नंबर मात्र नावाच्या दुप्पट मोठा.