हात सुन्न, सरकार त्याहून सुन्न!

जुन्नर तालुक्यातल्या ओझरच्या शिवारात कुकडीच्या पाण्याने बागायत आली, बागायतीमागून यंत्रे आली, यंत्रांमागून अनुदान आले. सगळे वाजतगाजत आले. यंत्रामागे चालणाऱ्या माणसाचा हात मात्र गुपचूप गेला, आणि त्याचा पंचनामा करायला ना तलाठी आला, ना डॉक्टर, ना कामगार खात्याचा साहेब!

द्राक्षाच्या दोन ओळींमधून तण काढणारा पॉवर वीडर रेटणारा गडी जरा थांबून पाहा. जमीन कडक लागली की दांडा उसळतो, म्हणून तो आणखी आवळून धरतो. आणि जितका आवळून धरतो तितका हादरा मनगटातून कोपरात शिरतो. संध्याकाळी इंजिन बंद होते, हात बंद होत नाही. रात्री मुंग्यांनी झोप मोडते. काही वर्षे अशी गेली की सदऱ्याचे बटण लागेनासे होते, खिशातले नाणे बोटांना ओळखू येत नाही, चहाचा कप निसटतो. त्यावर गावाचा निवाडा ठरलेला : "पीत असणार, म्हणून हात कापतो." वा रे न्याय! हात गमावायचा त्याने, आणि बदनामीही त्याच्याच पदरात.

जुन्नर-आंबेगावच्या कातळात विहीर खोल करायची तर ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आणि त्याच्या नळीला लावलेले ड्रिल हाच मार्ग. काम उक्ते, हिशेब फुटावर. फुटावर हिशेब म्हणजे जो थांबला तो उपाशी. खालचा माणूस छातीच्या जोराने मशीन दाबतो, टोक बोथट झाले तरी तेच रेटतो, कारण नवे टोक मुकादमाच्या खर्चात बसत नाही. धुळीने फुप्फुस जाते हे निदान आता लोक बोलतात. हाताचे कोणी बोलतसुद्धा नाही.

यंत्राच्या हादऱ्याने हात जाण्याचा हा रोग नवा आहे म्हणावे, तर तेही खोटे. इटलीत लोरिगा यांनी 1911 मध्येच हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे धरणाऱ्या खाणकामगारांची बोटे पांढरी पडतात हे नोंदवले. 1918 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन ऐन थंडीत गेल्या आणि पाथरवटांची मेलेल्या माणसासारखी पांढरी बोटे त्यांनी जगापुढे मांडली. शंभर वर्षे उलटून गेली! जपानच्या वनखात्याने यांत्रिक करवत दिवसाला दोन तासांवर आणली. ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी कोर्टात जाऊन भरपाई वसूल केली. आमच्याकडे अजून "हात भरून आलाय, तेल चोळ" हाच उपचार.

आमच्या हवेत आणखी एक फसगत आहे. बोटे पांढरी पडतात ती थंडीत. उष्ण मुलखात ती खूण क्वचित दिसते, आधी बधिरपणा येतो आणि पकड जाते. डॉक्टर मानेचा एक्सरे काढायला सांगतात, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात. "कोणते मशीन चालवतोस, किती तास?" हा एक प्रश्न विचारला असता तर कळले असते, रोग खोलीत चालत आला होता.

आता हिशेब ऐका. युरोपच्या 2002 च्या नियमाने हाताला बसणाऱ्या कंपनाची सीमा आखली : आठ तासांच्या सरासरीने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग झाले की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि 5 च्या पुढे काम करून घ्यायचेच नाही. कंपन दुप्पट झाले की मुभा चौथाईवर येते. दांड्यावर 10 चे कंपन देणारे मशीन असेल तर अर्ध्या तासात पहिली सीमा संपली, दोन तासांत दुसरी. आमचा ड्रिलवाला सकाळी आठला उतरतो तो दुपारच्या भाकरीपर्यंत वर येत नाही!

आणि आमचा कायदा? 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेले 29 रोग होते. कंपनाने जाणारा हात त्यांत नव्हता. कंपनाबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1977 चा. भारताने तो मान्य केलेला नाही. शेतमजूर तर कारखान्याच्या त्या कायद्याच्या उंबऱ्यातच येत नव्हता. सर्वांत संताप येतो तो पुढे. केंद्र सरकारच्या संस्थेत पॉवर टिलर चाचणीला जातो तेव्हा त्याच्या कंपनांचे मोजमाप होते, अहवालात तक्ता छापला जातो. म्हणजे सरकारला ठाऊक आहे! अनुदानाच्या यादीत अश्वशक्ती झळकते, किंमत झळकते. "हे मशीन रोज इतके तासच धरा" ही ओळ मात्र गाळली जाते. माहिती दाबून हात विकत घेण्याचा हा धंदा आहे, आणि त्यात अनुदान देणारा भागीदार आहे.

उपाय परदेशी गूढविद्या नाही. दांडा आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे बुश, तेही झिजले की बदललेले. पाते आणि टोक धारदार. ब्रश कटरचे वजन हातावर नको, खांद्याच्या पट्ट्यावर हवे, आणि पट्टा चालवणाऱ्याच्या उंचीला लावून घेतलेला. दांड्याची उंची कोपराला जुळणारी, मूठ सैल. दोन माणसांनी पाळीपाळीने चालवणे. विडी नको, कारण ती आधीच आखडलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते. आणि हातमोज्यांचे थोतांड बंद करा! जाड मोजा हात उबदार ठेवतो एवढेच. वीडरचा जड, संथ हादरा तो जवळजवळ अडवत नाही, उलट पकड जास्त आवळावी लागते. मोजे वाटून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुण्यातच बसणाऱ्या कृषी आयुक्तालयाला आमचा सवाल आहे. कंपनाचा आकडा आणि तासांची मर्यादा मराठीत दांड्यावर चिकटवल्याशिवाय एकाही वीडरला, एकाही टिलरला अनुदान द्यायचे नाही, हा आदेश काढायला कोणाची आडकाठी आहे? नारायणगावात कृषी विज्ञान केंद्र आहे. कंपन मोजण्याचे उपकरण तिथे द्या, ओझर, ओतूर, आळेफाटा इथली भाड्याची मशीन एकेक करून मोजा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर "मशीन कोणते, तास किती" हा रकाना घाला. विहिरीचे दर फुटावरून हजेरीवर आणा आणि दर ड्रिलमागे दोन माणसे लावा. मालक कुरकुर करतील; करू द्या. मालकांपैकी कित्येक स्वतःच ते मशीन धरतात आणि रात्री त्यांच्याही हाताला मुंग्या येतात, हे ते चारचौघांत कबूल करत नाहीत एवढेच. येत्या ग्रामसभेत त्यांनी ते कबूल करावे, ठराव मांडावा, आणि आयुक्तांचे उत्तर येईपर्यंत अनुदानाच्या मेळाव्यात एकाही पुढाऱ्याला हार घालू नये.