आधी डोंगर, मग बेटं

इक्वेडोरला जाणारे अनेक जण गॅलापागोससाठी जातात. डोंगर ट्रान्झिटमध्ये उरकतात. आम्ही मात्र सासूबाई, नवरा, नऊ वर्षांची लेक अशी वरात घेऊन आधी अँडीज गाठला. क्विटो २,८५० मीटरवर! पहिल्या दिवशी सासूबाईंना हॉटेलचा जिनाच सिंहगड वाटला. त्यामुळे तो दिवस नुसता आराम.

शनिवारी ओतावालोचा बाजार. भाव डॉलरमध्ये (२००० पासून तिथलं चलन तेच), घासाघीस थेट तुळशीबागेतली. पोंचो विकणाऱ्या पोराची पाठीवर लांबलचक वेणी, खाली जीन्स, हातात मोबाइल. आमच्याशी स्पॅनिश, शेजारी बसलेल्या आईशी किचवा. त्यात काही डाउनमार्केट आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. आजीला कायम इंग्रजीत उत्तरं देणारी आमची कन्या रात्री म्हणाली, ‘आजी, उद्या माझी वेणी घाल ना.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेल मात्र बॅगेतून लगेच निघालं.

मग विमानाने हजारेक किलोमीटर समुद्र ओलांडून सोळा जणांच्या बोटीवर. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं, हा पार्कचा नियम. सी लायनच्या पिल्लाला तो कोण सांगणार? ते थेट लेकीच्या बुटांपाशी! ती हात मागे बांधून, श्वास रोखून उभी.

खर्च दणदणीत आहे. पार्कची फीच ऑगस्ट २०२४ पासून आपल्याला माणशी २०० डॉलर, बारा वर्षांखालच्यांना निम्मी. बजेट किंवा रजा कमी पडली, तर क्रूझ आठऐवजी पाच दिवसांची घ्या. ओतावालोचा शनिवार गाळू नका.