मनातील साक्ष

बायबलातील दहा आज्ञांपैकी एक आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. न्यायालयाची पायरी न चढणाऱ्यास ती कशाला हवी, असे आपणांस वाटते. परंतु मनातही एक न्यायालय नित्य भरलेले असते. तेथे साक्षीदार आपण, न्यायाधीशही आपणच. आरोपीला मात्र खटल्याची वार्ताही नसते.

गतवर्षी वर्गातील एक पुस्तक नाहीसे झाले. माझा संशय एका मुलावर गेला. मी अवाक्षरही काढले नाही. पण आठ दिवस त्याला एकही प्रश्न विचारला नाही. नवव्या दिवशी पुस्तक माझ्याच कपाटात सापडले. मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, माझे काय चुकले ते मी रोज शोधीत होतो." मुखाने न दिलेली साक्ष माझ्या वर्तनाने दिली होती!

एकाच साक्षीवरून कोणासही दोषी ठरवू नये, दोन वा तीन साक्षी हव्यात, असा मोशेच्या नियमशास्त्रात दंडक आहे. विद्यार्थीमित्रहो, मनातील निवाड्यालाही तो लावून पाहा. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत निकाल राखून ठेवणे, हेही सत्याचेच आचरण होय.