हौसेला थोडी सक्ती हवी

हौशी छायाचित्रकारांमध्ये ‘५२ आठवडे’ हा उपक्रम आता चांगलाच रुळला आहे. दर आठवड्याला एक विषय ठरलेला असतो: सावली, लाल रंग, हात, प्रतीक्षा. त्या विषयावर त्याच आठवड्यात काढलेला एकच फोटो ठेवायचा आणि हे वर्षभर चालवायचं. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही. याला नाकं मुरडणारे विचारतात, हौस म्हणजे मनाला येईल तेव्हा, मनाला येईल ते करणं. तिथेही गृहपाठ आणला तर छंदात आणि नोकरीत फरक काय राहिला? प्रश्न रास्त आहे. पण ‘मनाला येईल ते’ बहुतेक वेळा सवयीचंच असतं. कुणाच्याही मोबाइलमधले फोटो चाळून पाहा: मावळता सूर्य, गडावरचं धुकं, वाढदिवसाचा केक, हॉटेलातलं ताट. मोकळीक पूर्ण असूनही निवड तीच ती. दिलेला विषय नेमकी ही पळवाट बंद करतो. बारामतीच्या मोरोपंतांनी रामकथा पुनःपुन्हा लिहिली ती स्वतःवर नवनवी बंधनं घालून. निरोष्ठ रामायणात त्यांनी ओष्ठ्य अक्षरं वर्ज्य केली. म्हणजे ‘म’ गेला आणि त्याबरोबर ‘राम’ हे नावही! अशी बंधनं घातल्यानं काव्य थोर होतंच असं नाही, त्यात कसरतीचा भाग असतोच. मात्र ठरलेला शब्द हाताशी नसला की दुसरा शोधावा लागतो, आणि हौशी माणसाला एवढीच गरज असते.

मुदत वर्षाचीच का, याचं उत्तर मात्र आकाशात आहे. पुण्यात डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो. मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो आणि आपल्याला शून्य सावलीचा दिवस मिळतो. तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. एरवी दुपारी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतीवर तेवढेच दिवस भरदुपारी ऊन पडू शकतं, आणि त्यातले निम्मेअधिक दिवस ढग खाऊन टाकतात. मग चार महिने पावसाळी, सपाट उजेड. शटरचा वेग मंदावतो, हात हलला की चित्र पुसट होतं, लेन्सवर थेंब येतात. बहुतेकांचे कॅमेरे याच काळात कपाटात जातात. जानेवारीत सुरू करून जूनमध्ये थांबलेल्याला आपल्या गावातला निम्माच उजेड ठाऊक होतो. तीस दिवसांच्या आव्हानांविषयी मला फारसं कौतुक वाटत नाही ते यासाठीच.

अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. दर आठवड्याला नवा विषय म्हणजे दर आठवड्याला वरवरची ओळख. मोठं काम खोलवर गेल्यानं होतं. एडवर्ड वेस्टनचं ढोबळ्या मिरचीचं जगप्रसिद्ध छायाचित्र १९३० सालचं, मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून घेतलेलं. त्याचं नाव ‘पेपर नंबर ३०’, आणि तो पहिला प्रयत्न नव्हता हे नावातला आकडाच सांगतो. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. ते काही आठवड्याच्या विषयपत्रिकेतून घडणारं काम नव्हे. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. उरलेल्या निम्म्याला उत्तर असं की आपला विषय कोणता हे हौशी माणसाला सुरुवातीला माहीतच नसतं, आणि ५२ पैकी जे तीन-चार विषय पुन्हा हाताळावेसे वाटतात तिथून त्याचा माग लागतो. शिवाय विषय बदलला तरी जागा बदलायलाच हवी असं कुणी सांगितलं? सावली, हात, प्रतीक्षा हे सगळं गावच्या मंडईत एकाच गाळ्याभोवती मिळेल.

‘प्रतिबिंब’ म्हटलं की सगळे डबक्याकडे धावतात, ही तक्रार तर खरीच आहे. त्यावर उपाय एकच, पहिली सुचलेली कल्पना सोडून द्यायची.

राहिला प्रश्न आठवडा चुकण्याचा, कारण बहुतेक उपक्रम तिथेच मोडतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय जडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला, आणि मधली एखादी संधी हुकल्यानं फारसं बिघडत नाही असंही दिसलं. अभ्यास रोजच्या खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या सवयींचा होता, छायाचित्रणाचा नव्हता. तरी एका चुकलेल्या आठवड्यापायी वर्ष सोडून देणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. लाइक किती मिळाले हे मोजू नये, कारण अवघड आठवड्यांचे फोटो बहुधा कुणालाच आवडत नाहीत.

१ जानेवारीची वाट पाहू नका, येत्या सोमवारीही सुरुवात होते. महागडा कॅमेरा नको, खिशातला मोबाइल पुरे. विषय मात्र आधी लिहून काढा आणि ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.