चुंबकाची चुगली

दसऱ्याला झेंडूची माळ घालून मिरवलेली जुनी मोटार दिवाळीत पुन्हा धुऊनपुसून दारात उभी राहते. बॉनेट आरशासारखे चकाकते, शेजारीपाजारी कौतुक करतात. पण मोटारीची प्रकृती बॉनेटवरून कळत नाही. ती कळते इंजिनाच्या तळाशी, चेंबरमधल्या काळ्या तेलात. या खेपेस तिथल्याच एका चिमुकल्या वस्तूविषयी.

तेल सोडण्यासाठी चेंबरच्या तळाला एक नट असतो, तोच ड्रेन प्लग. त्याच्या आतल्या टोकाला लोहचुंबक बसवला की झाला मॅग्नेटिक ड्रेन प्लग! इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरच्या भिंती, कॅमशाफ्ट, टॅपेट ही सारी मंडळी थोडीथोडी झिजत असतात आणि लोखंडाचा बारीक चुरा तेलात उतरतो. तोच चुरा तेलाबरोबर पुन्हा फिरला, तर झिजेत आणखी भर. चुंबक त्यातला काही भाग धरून ठेवतो.

आजच्या मोटारींत तेल फिल्टरमधून गाळले जाते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ इंजिनांत मात्र तारेच्या जाळीपलीकडे काही नसे. जुन्या गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला तर बहुधा फिल्टर नसतोच. तिथे चुंबकाचे मोल अधिक. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या चिमुकल्या मिनीचे गिअर इंजिनाच्याच तेलात फिरत, म्हणून तिला कारखान्यातूनच चुंबकाचा प्लग असे. विमानांच्या इंजिनांतही याच तत्त्वावर चुरा पकडणारे चुंबक असतात.

तरीही चुंबक म्हणजे गाळणी नव्हे. तो आहे चुगलखोर, आणि त्याची चुगली ऐकण्यातच शहाणपण आहे. तेल बदलताना प्लग पांढऱ्या कागदावर पुसावा आणि लागलेला लेप चिमटीत चोळून पाहावा. काजळासारखा मऊ, करडा लेप असेल तर काळजी नको. ती रोजची झीज. बोटाला टोचणारी कपची किंवा चकाकणारी सळई निघाली, तर मात्र गाडी बंद ठेवून मेस्त्रींना बोलवावे. गिअरचा तुटू लागलेला दात वेळीच कळला तर एका चाकावर भागते. न कळला तर सबंध गिअरबॉक्स जातो, आणि जुन्या गाडीचा गिअरबॉक्स काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

पण चुंबक कोरा निघाला म्हणून निर्धास्त राहू नये. बेअरिंगचा पांढरा धातू, पितळी बुश, अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन यांची चुगली तो करत नाही. त्यासाठी सोडलेले तेल फडक्यातून गाळून उन्हात पाहावे. आणि चुंबक आहे म्हणून तेल बदलणे लांबणीवर टाकणे, हा तर शुद्ध आळस!

घेताना आटे जुन्या प्लगशी तंतोतंत जुळवावेत. जोर करून बसवलेला प्लग चेंबरचेच आटे खातो. चुंबक प्लगमध्ये पक्का रुतलेला हवा, त्याचे टोक आत फिरणाऱ्या भागाला लागता कामा नये, आणि तांब्याचा वॉशर नवा घालावा. साधा निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे दुबळा होऊ लागतो, आणि इंजिनाचे तेल याहून अधिक तापते. तेव्हा उष्णता सोसणाराच मागावा. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, घोडी लावावी.

२०२१ सालापासून आपल्याकडे ५० वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. मूळ रूप जपणाऱ्यांनी जुना प्लग डबीत घालून ठेवावा. हवा तेव्हा परत बसवता येतो.

पाडव्याला व्यापारी जमाखर्चाची नवी वही सुरू करतात. मोटारवाल्यांनीही एक करावी: तारीख, किलोमीटर आणि चुंबकावर काय निघाले, एवढ्या तीन रकान्यांची. दोनचार वर्षांत ती वही गाडीविषयी जे सांगेल, ते बॉनेटची चकाकी कधीच सांगणार नाही.